चारफाट्यावरचं स्प्रिंगफील्ड

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं शहर आहे. बास्केटबॉल तिथे जन्मला, आणि बास्केटबॉलमध्ये नाव काढलेल्यांची कायमची सोयही तिथेच लावलेली आहे. तिचं नाव नेस्मिथ मेमोरियल बास्केटबॉल हॉल ऑफ फेम. आत कोणाला घ्यायचं हे चोवीस जणांची समिती ठरवते. चोवीसपैकी अठरा मतं पडली की माणूस अमर. सतरा पडली की बाहेर.

कर्जतच्या चारफाट्यावर हेच काम चहाच्या टपरीवर चालतं. इथल्या समितीची सदस्यसंख्या ठरलेली नाही, कोरमची अट नाही, आणि अठरा मतं एका बाजूला पडल्याचं कोणाच्या स्मरणात नाही. बैठकीचा भत्ता म्हणजे एक कटिंग, तोही ज्याचा मुद्दा खोडला गेला त्याने द्यायचा. त्यामुळे मुद्दा खोडला गेला हे कोणी मान्य करत नाही.

विषय अर्थातच कबड्डीचा. बास्केटबॉल कर्जत-खालापुरात नाही असं नाही. पुष्कळ शाळांच्या पटांगणात खांब असतो, खांबाला रिंग असते, रिंगला जाळी नसते. उन्हाळ्यात मांडवाची दोरी बांधायला तो खांब उपयोगी पडतो. पण एखाद्या माणसाला अमर करायचं की नाही यावर दोन सख्खे मावसभाऊ आठवडाभर अबोला धरतील, एवढी ताकद या भागात दोनच गोष्टींत आहे. एक बांधावरची जमीन आणि दुसरी कबड्डी. टेनिस बॉलच्या क्रिकेटवरही भांडणं होतात, पण ती बक्षिसाच्या मोटरसायकलीवरून होतात. त्यांत तत्त्वाचा प्रश्न फारसा नसतो.

भातकापणी उरकते, रिकामं शेत सपाट होतं, चुन्याच्या रेघा पडतात आणि दिव्यांचे खांब उभे राहतात. तिथून थेट पावसाच्या तोंडापर्यंत नेरळ, कशेळे, कडाव, चौक, खोपोली, वावोशी या पट्ट्यात कुठे ना कुठे ‘भव्य कबड्डी सामने’ चालूच असतात. भव्य नसलेले सामने भरवायची पद्धत नाही. अंतिम सामना पहाटे संपतो, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि मालिकावीर अशी तीन बक्षिसं दिली जातात, आणि सकाळी सातच्या आत या तिन्ही निवडी कशा चुकल्या यावर चारफाट्यावर एकमत होतं. एकमत इथेच संपतं. कारण पुढचा प्रश्न येतो तो आजच्या पोरांचा नसतो. ‘तालुक्यात आजवर झालेला सगळ्यात मोठा गडी कोण?’ हा तो प्रश्न.

स्प्रिंगफील्डवाल्यांना हा प्रश्न सोपा जातो, कारण त्यांच्याकडे कागद आहेत. डिसेंबर 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीचच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि अठरा विद्यार्थ्यांना नऊ-नऊ करून खेळवलं. पहिल्या सामन्यात एकच गोल झाला, आणि तो विल्यम चेस नावाच्या मुलाने केला हेसुद्धा नोंदलेलं आहे. टोपलीला बूड होतं, त्यामुळे चेंडू काढायला शिडी लागायची. ही हकीकत चारफाट्यावर कोणी सांगितली तर पहिला प्रश्न येईल, शिडीवर कोण चढायचा, आणि त्याला आत घेतलं का? प्रश्न बिनतोड आहे. मैदानावर पाणी मारणारा, रेघा आखणारा आणि रात्री दोन वाजता जनरेटरला लाथ घालून तो चालू करणारा माणूस ज्या गावांना माहीत आहे, त्यांनाच तो सुचतो.

नेस्मिथ यांना 1959 च्या पहिल्याच तुकडीत मान मिळाला. ते तेव्हा हयात नव्हते. गंमत पुढेच आहे. हेच नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक. त्यांच्या हाताखाली संघ 55 सामने जिंकला आणि 60 हरला. त्या विद्यापीठाच्या सगळ्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेला हा एकटाच माणूस, आणि खेळ शोधला तोही त्यानेच. आपल्याकडे एवढ्यावर त्यांचं नाव निकालात निघालं असतं. ‘खेळ काढलान, ते ठीक. पण खेळता कुठं येत होतं?’

कबड्डीची अडचण अशी की हा खेळ कोणी एका डिसेंबरात काढलेला नाही. हुतूतू म्हणून तो आधीपासून होताच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात महाराष्ट्रात त्याला नियम लागले, 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो जगाला दाखवला, आणि 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी त्यासाठी हयात वेचली, म्हणून 15 जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. तो ऐन पावसात येतो. त्या दिवशी कर्जतच्या मैदानांवर कबड्डी खेळायची झाली तर बेडकांशी खेळावी लागेल.

पण खरी अडचण नोंदींची आहे. प्रो कबड्डी 2014 च्या जुलैत सुरू झाली आणि त्यानंतर प्रत्येक चढाईचा हिशेब संगणकात गेला. परदीप नरवालचे चढाईतले गुण अठराशेच्या वर, 2017 मध्ये एका सामन्यात 34, त्यातली एक चढाई आठ गुणांची. समोरचे सहाच्या सहा गडी बाद आणि वर लोणाचे दोन. हा आकडा कोणालाही तपासता येतो. त्याच्या आधीच्या पिढीचं काय? गावच्या सामन्याची गुणपत्रिका दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकते. मग ती भज्यांखाली जाते. त्यामुळे 1980 च्या सुमाराच्या कोणत्याही चढाईचा पुरावा म्हणजे ती पाहणारा माणूस, आणि तो माणूस दरवर्षी एक गडी वाढवून सांगतो. सुरुवातीला तिघांना घेऊन मध्यरेषेला हात लावलेला असतो. पाच वर्षांनी ते चौघे होतात. गडी वारला की सातच्या सात.

पनवेलचंच पाहा. 2007 चा कबड्डीचा विश्वचषक पनवेलला झाला, म्हणजे खालापूर तालुक्याच्या अगदी शेजारी. अंतिम सामन्यात भारताने इराणला 29-19 असं हरवलं. हा सामना आपण प्रत्यक्ष पाहिला असं सांगणारे सगळे खरंच तिथे असते, तर गॅलरी पेणपर्यंत न्यावी लागली असती.

अशा साक्षीदारांच्या जोरावर जेव्हा वाद उभा राहतो, तेव्हा तो गड्याविषयी थोडा आणि सांगणाऱ्याविषयी जास्त असतो. सत्तरीतले नाना ज्याचं नाव घेतात, तो नेमका नाना वीस वर्षांचे असताना खेळत होता. पन्नाशीतले भाऊ ज्याचं घेतात, तो भाऊ वीस वर्षांचे असताना. पंचवीस वर्षांच्या पोराच्या मते या सगळ्यांना आजच्या मॅटवर पहिल्याच चढाईत ‘डॅश’ मारून बाहेर फेकलं असतं. ‘आन् तुला आमच्या मातीत गुडघं फोडून घेतलं असतंस तवा कळलं असतं,’ असं उत्तर येतं. दोन्ही बाजू बरोबर असण्याची शक्यता दाट आहे, पण हे सांगायला मध्ये कोण पडणार?

अमेरिकेतही आकडे असून भांडण चुकलेलं नाही, ही मात्र दिलासा देणारी गोष्ट. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमची पहिली निवडणूक 1936 ची. बेब रूथ या त्या खेळातल्या सगळ्यात मोठ्या नावाला 226 पैकी 215 मतं पडली. म्हणजे अकरा जण असे निघाले ज्यांना बेब रूथ पुरेसा वाटला नाही. ते अकरा जण चारफाट्यावर अगदी आरामात बसले असते.

बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त शाई रॉबर्ट हॉरी या नावावर सांडली असावी. तीन वेगवेगळ्या संघांकडून खेळून याने एनबीएची सात विजेतेपदं मिळवली, म्हणजे मायकल जॉर्डनपेक्षा एक जास्त. ऐन वेळी, घड्याळात सेकंद उरलेले असताना चेंडू टोपलीत घालायचा तर तो यानेच. तरी सरासरी बेताची, संघातला मुख्य तारा दुसराच कोणी, म्हणून स्प्रिंगफील्डची समिती त्याला दाराशी उभं करत नाही. अमेरिकेतल्या पंडितांना हे कोडं सुटत नसेल, पण कर्जतकरांना ते शिकवावं लागत नाही. त्यांच्या स्टेशनात गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात, कारण पुढे भोर घाटात सदतीस फुटाला एक फूट असा चढ आहे. गाडीवर नाव कोयनेचं असतं किंवा सिंहगडचं. घाट चढवणारं इंजिन मागे असतं आणि लोणावळ्याला मुकाट सुटून परत येतं. कबड्डीतला मध्यरक्षक हा असाच. कोपरारक्षकाने घोट्याला हात घातला की फोटो त्याचा येतो. मागून धडक देऊन चढाई करणाऱ्याला खरोखर आडवा केला कोणी, हे फक्त आडवा झालेल्याला माहीत असतं. हॉरीला आत घ्यावं की नाही? कर्जतचं मत मागितलं तर अठरा मतं इथल्या इथे पडतील.

उलट टोकाला ख्रिश्चन लेटनर आहे. 1992 च्या ऑलिम्पिकला अमेरिकेची जी ‘ड्रीम टीम’ गेली, तीत अकरा दिग्गज आणि कॉलेजातून आलेला हा एकटा. 2010 मध्ये अख्खा संघच हॉल ऑफ फेममध्ये घेतला, त्यामुळे लेटनरही आत. संघाबरोबर आत जाण्याची ही पद्धत इथे पूर्वापार रूढ आहे. जिंकलेल्या संघाच्या फोटोत बारा खेळाडू, एक प्रशिक्षक, सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच आणि चषकाच्या कानाला धरलेला एक अनोळखी हात असतो. दहा वर्षांनी त्या फोटोतला प्रत्येकजण ‘आमच्या टीममध्ये’ अशी सुरुवात करतो. तो अनोळखी हातसुद्धा.

मग येतो गावाचा प्रश्न, आणि इथे आवाज चढतात. चांगला गडी गावात राहत नाही. त्याला मुंबईत रेल्वे, पोलीस, बँक, एखादी कंपनी उचलते आणि तो त्यांच्या बनियनवर खेळतो. खेळाडूच्या घरच्यांच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण चषक उकडून खाता येत नाही. पण तो आता कर्जतचा मोजायचा की मुंबईचा? त्यात त्याचा जन्म आजोळी झालेला असतो, म्हणून खालापूरवाले हक्क सांगतात. आणि दोन्ही तालुक्यांच्या पोटात एक समान दुखणं आहे. रायगडची कबड्डी म्हटलं की लोक अलिबाग-पेणकडे बोट दाखवतात. त्यामुळे आपापसात कितीही हमरीतुमरी झाली तरी अलिबागकराचं नाव निघालं की कर्जत-खालापूर क्षणात एक जीव होतात. जिल्ह्याचं ऐक्य साधायला यापेक्षा चांगला उपाय अद्याप सापडलेला नाही.

ही चर्चा रेल्वेने प्रवासही करते. कर्जत ते खोपोली हे अंतर पंधरा किलोमीटरचं, आणि मध्ये पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी चार स्टेशनं. पाच जणांची यादी घेऊन कर्जतला चढलेला माणूस खोपोलीला उतरतो तेव्हा यादीतली चार नावं बदललेली असतात. पाचवं त्याच्या मेहुण्याचं असतं.

सरकारदरबारी ही सगळी अनागोंदी नाही. तिथे अर्जुन पुरस्कार आहे, महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कार आहे. मात्र राज्याच्या पुरस्कारासाठी अर्ज करावा लागतो आणि अर्जाला प्रमाणपत्रं जोडावी लागतात. म्हणजे आपण मोठे आहोत हे आपणच लिहायचं आणि खाली सही करायची. मातीत लोळून आलेल्या माणसाला हे जमत नाही. त्याची प्रमाणपत्रं माळ्यावर असतात, माळा गळका असतो, आणि कर्जतचा पाऊस कोणाची कारकीर्द पाहून पडत नाही.

आणि कागद असूनही चुकतंच. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. यात साक्षीदारांनी गडी वाढवून सांगायचा प्रश्नच नव्हता. निकाल जगभर छापून आलेला. अर्जुन पुरस्कार 1961 मध्ये सुरू झाला. खाशाबा त्यानंतर तेवीस वर्षं हयात होते. पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, 2000 सालचा. पद्म पुरस्कार नाहीच. आता 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन झाला आहे. तेव्हा चारफाट्यावरची समिती मंद चालते असं म्हणणाऱ्याने दिल्लीचा वेगही एकदा पाहून घ्यावा.

या समितीचा स्वतःचा दोष वेगळाच आहे. स्प्रिंगफील्डला महिला खेळाडूंसाठी दार उघडायला 1992 उजाडलं. लुसिया हॅरिस आणि नेरा व्हाइट या पहिल्या दोन खेळाडू. चारफाट्यावर ते अजून किलकिलंही झालेलं नाही. 2012 मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला आणि महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या तीन खेळाडूंना एकेक कोटी जाहीर केले. टपरीवर विचारून पाहा. कोटीचा आकडा सगळ्यांना पाठ. नावं? दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के. ही तीन नावं एका दमात सांगणाऱ्याला चहा फुकट द्यायला हरकत नाही. टपरीवाल्याचं नुकसान होणार नाही.

न खेळलेल्यांना आत घ्यायचं का, हाही वाद जोरात असतो. अमेरिकेत डिक वायटल या समालोचकाला 2008 मध्ये हा मान मिळाला. कर्जत-खालापूरच्या निवेदकांची बाजू त्याच्यापेक्षा भक्कम आहे. वायटलने फक्त सामन्याचं वर्णन केलं. इथला निवेदक, तिसरी चढाई चालू आहे, चढाई करणारा निदान रेषेवर एक पाय टाकून दम कोंडून उभा आहे, अशा क्षणी ही पकड झाल्यास रोख पाचशे एक रुपये कोणाकडून आहेत ते दात्याच्या पदांसह वाचतो, हरवलेल्या मुलाच्या शर्टाचा रंग सांगतो, एमएच सेहेचाळीस पासिंगची पांढरी गाडी रस्त्यातून काढायला लावतो, आणि तरी गुण सांगायला चुकत नाही. याला जीवनगौरव नाही तर कोणाला?

वाट दाखवणाऱ्याची आठवण ठेवण्याची रीत मात्र इथे जुनी आहे. भोर घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली, आणि त्याच्याच वाट्याला गोळी आली, असं सांगतात. घाटात त्याचं, म्हणजे शिंगरोबाचं, ठाणं आहे, आणि जुन्या रस्त्याने जाणारे तिथे नाणं टाकून पुढे सरकतात. तिथे अर्ज नाही, प्रमाणपत्र नाही, चोवीस जणांची समितीही नाही.

खेळाडूंसाठी मात्र नाण्यांऐवजी फ्लेक्स आहे. चौकातला फ्लेक्स हाच या भागाचा चालू हॉल ऑफ फेम. त्यात निवड होण्याचा निकष साधा, छपाईचे पैसे कोण देतो एवढाच. राज्य पातळीवर निवड झालेल्या पोराचा फोटो खाली उजव्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या आकाराचा, आणि त्याचं अभिनंदन करणारे अकरा जण पुरुषभर उंचीचे, काळे चष्मे घालून. पंधरा दिवसांनी त्यावर वाढदिवस येतो. पावसाळ्यात तोच फ्लेक्स गोठ्यावर जातो आणि गोठ्यातल्या म्हशीला वरून अकरा जणांच्या शुभेच्छा मिळत राहतात.

तसं पाहिलं तर पाठीवर नंबर घेऊन महाराष्ट्रभर गेलेलं कर्जतचं सगळ्यात मोठं नाव आहे ‘कर्जत-3’. तो गडी नाही, भाताचं वाण आहे. इथल्या कृषी संशोधन केंद्राने ते काढलं आणि त्याची रीतसर नोंद ठेवली, म्हणून ते कोणाचं यावर टपरीवर कधी भांडण झालेलं नाही.

नोंदीचं महत्त्व एवढंच आहे. गावोगावच्या मंडळांना म्हणूनच एक विनंती. यंदाच्या मोसमात गुणपत्रिका भज्यांखाली जाण्याआधी तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. माळ्यावरचे जुने फोटो खाली उतरवा, आणि ज्यांना ते चेहरे ओळखता येतात ती माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून प्रत्येक फोटोच्या मागे नावं लिहून घ्या. डावीकडून उजवीकडे, उभे आणि बसलेले वेगवेगळे, आणि चषकाच्या कानाला धरलेला हात कोणाचा तेही.